काकांच्या ट्रंकेत सापडलेला जुना टी-वाह पेडल, बेंजोला लावायचाय पण जीव धरत नाहीये

खाजणवाट
नमस्कार मंडळी, संगीत विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी हर्णैचा, दापोली तालुका. आमची सात जणांची बेंजो पार्टी आहे, हळदी, साखरपुडे, गणपती आणि शिमग्याला दोन-तीन ठिकाणी ठरलेलं असतं. मी बेंजो वाजवतो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असतात ते, पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवतो तो) बसवलेलं, काहीजण बुलबुल तरंग म्हणतात पण आमच्याकडे तसं म्हटलं तर कोणाला कळणार नाही.

तर शिमगा झाल्यावर पावसाआधी कौलं परतायची म्हणून माळा खाली केला, तेव्हा मधल्या काकांची पत्र्याची ट्रंक निघाली. काका बोटीवर होते, मर्चंट नेव्हीत, रिटायर होऊनही जमाना झाला. ट्रंकेत दोन घोंगड्या, एक जपानी थर्मास, कसल्यातरी पावत्या आणि बनियनमध्ये गुंडाळलेला हा पेडल, म्हणजे गिटारवाले पायाने दाबतात तो डबा, ह्याने सूर वाँव असा बोलतो. बॉस कंपनीचा आहे, वर टी वाह लिहिलंय आणि टीडब्ल्यू-१. दोन नॉब, सेन्स आणि पीक, मध्ये एक छोटा स्विच, ड्राइव्ह, अप आणि डाउन. खाली काळं लेबल, मेड इन जपान. पुढचा स्क्रू सैल करून पायाचं झाकण उघडलं तर आत जुना सेल गळून हिरवा-पांढरा भुगा झालेला, क्लिप हातात घेतल्या घेतल्या तुटली.

म्हणून सेल न लावता माझ्याकडचा ९ व्होल्टचा अॅडॉप्टर लावला, डिले पेडलला (प्रतिध्वनी देतो तो) वापरतो तोच. तर लाइट लागते पण अशी मिणमिणती की अंधारात बघावी लागते, आणि बेंजोचा आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा येतो. वाँव वगैरे काही नाही. मेलाय का हा? की उघडून काहीतरी बदलायचं? इथे दापोलीत टीव्ही रिपेअरवाले आहेत पण ते पेडल म्हटलं की सायकलचा समजतात.

सुरमई_फ्राय
सायकलचा पेडल हाहाहा. फोटो टाक रे.

पुण्याचा_गिटारी
मित्रा मेला असेल तर कशाला डोकं लावतोस, जसा आहे तसा मी घेतो, ५ हजार, कुरिअर माझं. बंद पेडलला यापेक्षा जास्त कोणी देणार नाही.

सुरमई_फ्राय
आले घारी. अजून मासळी टोपलीतून उतरली पण नाही.

तिरफळ
माका विचारशीत तर पेडलाक हात लावच्या आधी तुझ्या काकांका विचार. जुन्या माणसान बनियानात गुंडाळून ठेवलेली वस्तू उगीच ठेवलेली नसता. आणि तो हिरवो भुगो कोकमाच्या आगळान पूस, पितळेची भांडी कशी लखलखीत होतत.

चौपदरी
@तिरफळ, बाकी सगळं मान्य पण आगळ नको हो! आगळात मीठ असतं, भांडं आपण नंतर खळाखळा धुतो, सर्किट धुणार आहात का? मीठ तिथेच बसलं की पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं आणि उरलेलं तांबं पण खातं. आधीच हर्णैची हवा म्हणजे अर्धं मीठच.

@खाजणवाट, मी चिपळूणचा, अॅम्प आणि मिक्सर दुरुस्तीचं काम करतो (आयडीचं विचारू नका, हायवे पूर्ण झाला की बदलणार असं ठरवलं होतं, अजून तोच आहे). आधी भुगा कोरडाच काढ, जुना टूथब्रश घे, पेडल उलटा धरून झटकत झटकत, म्हणजे आत सांडणार नाही. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूस. क्लिप नवीन टाक, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, चहाच्या पैशात येते. पण वायर कापल्यावर आतली तार बघ, काळी पडली असेल तर थोडी मागे जाऊन चकचकीत तांबं लागेपर्यंत सोल, काळ्या तारेला सोल्डर धरत नाही आणि मग लोक म्हणतात पेडल खराब.

आणि एक सांग, अॅडॉप्टरच्या भोकाशेजारी काय लिहिलंय?

खाजणवाट
टॉर्च लावून बघितलं, घासून घासून जे दिसतंय ते एसीए असं काहीतरी आहे. आणि अजून एक गंमत सांगायची राहिली. परवा प्रॅक्टिसला हाच पेडल आणि डिले एकाच अॅडॉप्टरवर लावले होते, ती दोन तोंडांची वायर असते ना, तर तेव्हा झकास चालला! लाइट पण फुल्ल. घरी आणून एकटा लावला तर परत मेल्यासारखा. आई म्हणते त्याला सोबत लागते.

चौपदरी
आईंना नमस्कार सांग, बरोबर बोलल्या त्या.

पेडल मेलेला नाही. त्याच्यात बिघाडही नाही, अॅडॉप्टर चुकीचा आहे. नीट वाच, जरा लांब लिहितोय.

टीडब्ल्यू-१ आला १९७८ मध्ये. बॉसचे ते छोटे पेडल १९७७ ला सुरू झाले, त्यातल्या अगदी सुरुवातीच्या मंडळींपैकी हा. त्या काळी अॅडॉप्टर म्हणजे काय, ट्रान्सफॉर्मर, डायोड, एक कपॅसिटर, झालं. व्होल्टेज धरून ठेवणारं आत काही नाही. वर ९ लिहिलेलं असलं तरी पेडलसारखं फुटकळ ओझं असलं की तो १२ च्या आसपास द्यायचा. हे धरूनच त्यांनी पेडलच्या आत, जॅकच्या वाटेत, एक रेझिस्टर आणि एक डायोड टाकला, जास्तीचं तिथेच उतरवायला. एसीए म्हणजे हे. नंतर आले पीएसए, ते मोजून ९ देतात. तुझा आत्ताचा अॅडॉप्टर त्या जातीचा. तो देतो ९, त्यातलं आत उतरतं, सर्किटच्या वाट्याला येतं ते लाइटलाही पुरत नाही.

आता प्रॅक्टिसला का चालला? तर हे उतरवण्याचं काम निगेटिव्हच्या वाटेवर आहे. डिले पेडल त्याच अॅडॉप्टरवर आणि दोघांमध्ये पॅचकॉर्ड (एका पेडलमधून दुसऱ्यात आवाज नेणारी वायर), म्हणजे दोघांचं ग्राउंड पॅचकॉर्डमधून एक झालं. डिलेचं ग्राउंड अॅडॉप्टरच्या निगेटिव्हला थेट जोडलेलं आहे. मग करंट कशाला रेझिस्टरमधून जाईल, टोलनाका चुकवून गावातल्या रस्त्याने जावं तसा तो पॅचकॉर्डच्या जाळीतून निसटतो. पेडलला पूर्ण ९ मिळतात. सोबत लागते ती ही.

काय करायचं: घरी सेलवर वाजव, सर्वात स्वच्छ आवाज सेलवरच येतो. कार्यक्रमात डिलेसोबत एकाच ९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर. फक्त एक घोटाळा करू नकोस, कोणीतरी सांगेल की जुन्याला १२ लागतात आणि तू १२ चा आणून दोघांना जोडशील. दोघं एकत्र जोडले की तो टोलनाका उरतच नाही, म्हणजे १२ सरळ डिलेत जातील. आणि कीबोर्डचा अॅडॉप्टर तर अजिबात लावू नको, ह्या पेडलना मधली पिन निगेटिव्ह लागते, पुष्कळ कीबोर्डवाल्यांची मधली पिन पॉझिटिव्ह असते.

बेसवाली
वा, कित्ती सोप्पं सांगितलंत चौपदरी. माझ्याकडे एक जुना फेझर पेडल आहे, त्याचं हेच रडगाणं चार वर्षं चाललंय आणि मी प्रत्येक वेळी वायर हलवत बसते.

पुण्याचा_गिटारी
बरं ६.

खाजणवाट
क्लिप बदलली. नवा सेल लावला. लाइट डोळ्यात जाते एवढी!! चौपदरी दादा कधी हर्णैला आलात तर लिलावाला घेऊन जातो, पापलेट माझ्याकडून.

तिरफळनी सांगितल्याप्रमाणे काकांना विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा ओरडून सांगितलं, मग पेडल हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा करून बघत बसले. म्हणाले कोबेला घेतला होता, तेव्हा ते सुट्टीत इकडे आले की ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पेडलसोबत अॅडॉप्टरपण घेतला होता तिथलाच. गणपतीत स्टेजवर पहिल्यांदा लावला, बटण दाबलं आणि दोन मिनिटांत बोर्डाकडे फट् झालं, धूर, वास, माइकपण गेले, लोक हसले. काका म्हणाले महागाची वस्तू जाळली असं मला वाटलं, कोणाला सांगितलं नाही, काकीला तर नाहीच. तेव्हापासून ट्रंकेत.

चौपदरी
अरे देवा. जपानमध्ये घरातली लाइन १०० व्होल्टची असते! तिथला अॅडॉप्टर आपल्या २३० ला लावला तर ट्रान्सफॉर्मर जळणारच. पण जळला तो अॅडॉप्टर. पेडल त्या दिवशीही ठणठणीत असणार, एक सेल टाकला असता तर पुढची आरती वाजवता आली असती.

सुरमई_फ्राय
हे वाचून मला उगाच वाईट वाटलं. फोटो टाक अजून.

खाजणवाट
सेल तर आतच होता हो, दुकानदाराने घालून दिलेला, तोच गळलेला.

बेसवाली
:(

खाजणवाट
आता खरा प्रॉब्लेम. चालू झाला पण बेंजोवर वाँव येत नाहीये. म्हणजे पहिल्या ठोक्याला एकदाच येतं "व्वाँ" आणि मग पुढे नुसता कर्कश पत्र्यासारखा आवाज, तो जातच नाही. सेन्स पूर्ण वर केला तर अजून कर्कश, खाली केला तर उशी. यूट्यूबवर गिटारवाल्यांचं बघतो तर प्रत्येक स्वराला बोलतो पेडल. माझ्या बेंजोतच काही आहे का?

बेसवाली
बेंजोत नाही, तुझ्या हातात आहे. रागावू नकोस, समजावते.

मी रत्नागिरीची, आता कामासाठी ठाण्यात, बेस वाजवते आणि ह्या जातीच्या पेडलवर माझा भारी जीव. साध्या वाहला पाय हलवावा लागतो. ह्यात पाय नाही, तुझ्या वाजवण्याचा जोरच पाय. पेडल काय करतो, आत आलेल्या आवाजाची एक नक्कल घेतो, ती सपाट करून तिचं नुसतं चढणं-उतरणं काढतो, म्हणजे किती जोरात आलं आणि कसं विरलं एवढंच. त्या चढउतारावर फिल्टर हलतो. तार जोरात छेडली की फिल्टर उघडतो, चिरका भाग बाहेर येतो, तार विरत गेली की हळूहळू मिटतो. आपल्याला "वाँव" ऐकू येतं ते हे उघडणं आणि मिटणं. डाउनला टाकलंस तर उलटं, ठोक्याला खाली जातो आणि मग वर येतो, कोणीतरी जांभई देतंय असं वाटतं.

आता बेंजो कसा वाजवतोस तू? हळदीचं गाणं, उजवा हात अखंड खर्र खर्र खर्र, लांब सूर हवा तर आणखी जोरात खर्र. हात थांबतो कधी? आवाज विरायला वेळच नाही तर दार मिटणार कसं. पहिल्या ठोक्याला उघडलं ते गाणं संपेपर्यंत सताड उघडं. तोच तुझा पत्रा.

दुसरं, सुराच्या तारा सोडलेल्या आहेत का तुझ्या? त्या मागे वाजत राहिल्या तरी पेडलला वाटतं अजून आवाज चालू आहे. एक फडकं खोचून गप्प कर त्यांना. तिसरं, बेंजोचे पिकअप फार जोराचे असतात, बेंजोवरचाच व्हॉल्यूम निम्म्यावर आण आणि मग सेन्स इतकाच वर ने की जोरात मारलं तर उघडेल आणि हलकं मारलं तर उघडणार नाही. ती जागा सापडली की झालं, केसभर इकडेतिकडे. पीक पूर्ण नको, बेंजो मुळात चिरका, कान फाटतील लोकांचे. चौथं, टी-वाह सगळ्यात आधी, बेंजोतून सरळ त्यात, डिले त्याच्या नंतर. डिले आधी लावलास तर त्याचे प्रतिध्वनीपण दार उघडत बसतील.

आणि खालच्या सप्तकात वाजव. वरच्या बटणांवर फिल्टरला खायला काही उरतच नाही.

खाजणवाट
ताई, हे कोणी सांगितलंच नसतं. पण हात थांबवून बेंजो वाजवायचा म्हणजे जरा... आमच्यात हात थांबला की ढोलवाला बघतो काय झालं म्हणून.

पालखीचा_भोई
राहवलं नाही म्हणून लिहितो. गुहागर. आमच्या लहानपणी शिमग्याला खालू बाजा असायचा, सनई, ढोल, टिमकी. तो मागे पडला, बेंजो आला. आता बेंजोला पण हे परदेशी वाँववाँव लावा. उद्या पालखी रिमोटवर नाचवा. दुरुस्तीचं ज्ञान छान दिलंय त्याबद्दल वाद नाही, पण प्रत्येक वाद्याला त्याचा आवाज असतो, तो का बिघडवायचा?

बेसवाली
काका, खालू बाजा मलाही हवाय, तुमच्याकडे अजून असेल तर सांगा मी स्वतः ऐकायला येते. पण परदेशी म्हणाल तर बेंजोच कुठे आपला? तो जपानी तैशोगोतो, नागोयात १९१२ मध्ये मोरिता गोरो नावाच्या माणसाने बनवला, टाइपरायटर बघून. तिथून इकडे आला आणि आपण त्याला हळदीला बसवला. पेडलपण जपानचा. सख्खे भाऊ हर्णैत भेटले म्हणा ना.

आणि आवाजाचं म्हणाल तर ह्या पेडलचं घराणं कीबोर्डवरूनच गाजलं. म्यू-ट्रॉन थ्री म्हणून अमेरिकन पेडल होता, १९७२ चा, माइक बीगलने केलेला. ते लोक गिल्ड कंपनीसाठी सिंथेसायझर बनवत होते, ते काम बारगळलं, त्यातला हा एक तुकडा काढून पेडल केला. दोन-दोन सेल लागायचे त्याला. १९७३ ला स्टीव्ही वंडरने हायर ग्राउंडमध्ये क्लॅव्हिनेट त्यातून वाजवला आणि मग सगळ्यांना पाहिजे झाला. क्लॅव्हिनेट म्हणजे काय, बटण दाबलं की खाली तारेला ठोका, शेजारी पिकअप. बेंजोचा लांबचा मामेभाऊच. फक्त स्टीव्ही हात थांबवतो, मधल्या रिकाम्या जागेत पेडल बोलतो. ते ऐक @खाजणवाट, गाणं म्हणून नको, उजवा-डावा हात कधी उचलतो ते ऐक.

पालखीचा_भोई
तैशोगोतोचं माहीत नव्हतं. ठीक आहे. पालखीसमोर मात्र लावू नका ही विनंती.

खाजणवाट
नाही लावणार काका, शब्द. हळदीलाच.

चौपदरी
पावसाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो, नंतर विसरेन. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो तो मार, गंजाचा तेलकट स्प्रे मारू नको, त्यावर धूळ बसून चिकट होतं. पेडल झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तांदळात खुपसू नका कोणी, कोंडा आत जातो. वाजवून झालं की इनपुटची वायर काढ, ती वायर आत असेपर्यंत सेल चालू असतो, वाजवत नसलास तरी झिजत राहतो. आणि महिना दोन महिने वाजवणार नसशील तर सेलच काढ. आतले कपॅसिटर जुने आहेत, पण चालतंय तोवर हात लावू नको. कधी गुरगुर वाढली तर घेऊन ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवून बदलू.

पुण्याचा_गिटारी
७. शेवटचा.

खाजणवाट
मंडळी अपडेट द्यायला उशीर झाला, लग्नसराई चालू आहे, झोप नाही.

काल पाजपंढरीला हळद होती. आठ-दहा दिवस घरी नुसता हात उचलायची प्रॅक्टिस केली, म्हणजे ठोका, थांब, ठोका ठोका, थांब. सुरुवातीला स्वतःचीच लाज वाटत होती, शिकाऊ पोरासारखं. सुराच्या तारांत काकीच्या लुगड्याचा तुकडा खोचलाय. सेन्स घड्याळाच्या दहावर, बेंजोचा व्हॉल्यूम निम्मा, पीक अकरा, अप.

पहिली दोन गाणी नेहमीसारखी वाजवली, पेडल बंद. तिसऱ्याला ढोलवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मी थांबेन, तू थांबू नको. पेडल दाबला आणि खालच्या सप्तकात चारच सूर, मध्ये जागा सोडून. पहिल्या "व्वाँव"ला नवऱ्याच्या आत्या हळद लावता लावता मागे वळून म्हणाल्या "बेडूक घुसला काय गो?" पोरं हसायला लागली, मी म्हटलं गेलं, झाला पचका. पण ढोलवाल्याने काय केलं, मी ज्या जागा सोडत होतो त्यात तो भरायला लागला. असं आमच्यात कधी होत नाही, आम्ही सगळे एकदम सुटतो आणि एकदम संपतो. मग टाशावाला पण. तीन वेळा तेच वाजवायला लावलं, पोरं बेडकासारखी उड्या मारत नाचली, आत्यापण. चौथ्यांदा मला जोर चढला, हात सुटला, खर्र चालू केलं आणि आला परत पत्रा. ताई, कळलं तुमचं.

काका आले होते. मशीनजवळ खुर्ची टाकून बसले होते, कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरच्या अगदी तोंडाशी. काही बोलले नाहीत. सकाळी मी उठायच्या आत पडवीत पेडल घेऊन बसलेले, स्क्रू सैल करून झाकण उघडून. सेल काढला, स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाले वाजवायचा असेल तेव्हा माझ्याकडे मागायचा.

तिरफळ
मी सांगलंय ना, आधी काकांका विचार.

बेसवाली
रेकॉर्डिंग आहे का कोणाकडे?? ढोलवाल्याला माझ्याकडून शाबासकी.

सुरमई_फ्राय
बेडकाचा व्हिडिओ पाहिजेच.

पुण्याचा_गिटारी
चालू आहे तर ९ देतो. काकांना विचारून सांग.

खाजणवाट
विचारलं. म्हणाले ट्रंक रिकामी आहे, ती घेऊन जा.